‘मिळणे’ ते ‘घेणे’ : करोल बागेतील घरगुती जोडणी आणि निवडीचा इतिहास

१

घरात दूरध्वनी किंवा इंटरनेट येणे ही घटना मराठीत ज्या क्रियापदांनी सांगितली जाते, त्यांत गेल्या चार-पाच दशकांत लक्षणीय बदल झालेला दिसतो. पूर्वी फोन ‘मिळत’ असे. नोकरी मिळते, राहायला जागा मिळते, शिधापत्रिका मिळते, त्याच अर्थाने. ‘मिळणे’ या क्रियापदात देणारा कोणी दुसरा असतो आणि घेणाऱ्याच्या हाती केवळ वाट पाहणे असते. पुढे कनेक्शन ‘घेतले’ जाऊ लागले. ‘घेणे’ हे बाजारातील क्रियापद आहे. त्यात चार वस्तूंतून एक निवडण्याची मुभा गृहीत असते. दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या कानांवर याच घटनेसाठी हिंदीतील ‘लगवाना’ हे तिसरे क्रियापदही पडत असे. ते प्रयोजक आहे. काम दुसऱ्याकडून करवून घ्यायचे आहे आणि त्यासाठी काहीतरी खटपट करावी लागणार आहे, ही जाणीव त्याच्या रूपातच आहे.

क्रियापद बदलले, की त्यामागील व्यवहारही बदलला असे सामान्यतः समजले जाते. घरगुती इंटरनेटच्या बाबतीत हा समज कितपत खरा आहे, हे दिल्लीतील करोल बाग या एका वस्तीच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. शासनाची भूमिका या काळात अनेकदा बदलली. आधी ते एकमेव पुरवठादार होते, मग परवाना देणारे झाले आणि त्यानंतर नियामक प्राधिकरण स्थापन करणारे. मात्र घरापर्यंत येणारी शेवटची तार कोणाच्या ताब्यात असावी, या प्रश्नाला बगल देण्याचे धोरण बव्हंशी कायम राहिले. निवडीचा इतिहास मुख्यतः या शेवटच्या तारेचा इतिहास आहे.

२

करोल बागेची निवड सहेतुक आहे. राजधानी कोलकात्याहून दिल्लीला आणल्यानंतर नवी दिल्लीच्या उभारणीसाठी ज्या वस्त्या हलवाव्या लागल्या, त्यांतील रहिवाशांच्या पुनर्वसनातून या भागाची वाढ सुरू झाली. हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते येथेच झाले. अजमल खान रोड हे नाव त्या काळाची खूण आहे. १९४७ च्या फाळणीत येथील पुष्कळ मुस्लिम कुटुंबे निघून गेली आणि पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे स्थिरावली. त्यांनी उभा केलेला व्यापार हा पुढे करोल बागेचा मुख्य चेहरा झाला. खान अब्दुल गफार खान यांच्या नावाने ओळखला जाणारा गफार मार्केट हा बाजार परदेशी वस्तूंसाठी आणि नंतर मोबाइल संच व त्यांच्या दुरुस्तीसाठी उत्तर भारतात प्रसिद्ध झाला.

केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या महाराष्ट्रीय कुटुंबांचा वावर पहाडगंज व करोल बाग या लगतच्या भागांत पूर्वीपासून राहिला. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय हे त्याचे ठळक चिन्ह होय. या कुटुंबांच्या दृष्टीने दूरसंचाराला एक विशेष अर्थ होता. मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे दिल्लीत उशिरा हाती पडत; गावाकडची खुशाली पत्राने येई आणि तातडीची बातमी तारेने. ट्रंक कॉल हा खर्चिक व क्वचितचा प्रसंग होता. भाषेच्या मुलखापासून दूर राहणाऱ्या घराला जोडणी ही चैन नव्हती. मराठीत राहण्याचे ते एक साधन होते.

करोल बागेतील एक विसंगती येथे नोंदवली पाहिजे. ज्या बाजारात परदेशी रेडिओ, कॅसेट रेकॉर्डर आणि पुढे हरतऱ्हेचे फोन घासाघीस करून विकत घेता येत होते, त्याच बाजाराच्या मागच्या गल्लीतील घराला फोनची तार मात्र एकाच खात्याकडून घ्यावी लागे. यंत्राच्या बाबतीत पराकोटीची निवड आणि जोडणीच्या बाबतीत तिचा संपूर्ण अभाव, अशी ही स्थिती होती.

३

या अभावाचे मूळ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात आहे. त्या अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य विशेषाधिकार सरकारकडे ठेवला आणि इतरांना तो परवान्यानेच देता येईल असे ठरविले. तारेसाठी लिहिलेल्या या व्याख्येत पुढे दूरध्वनी बसला आणि शतकानंतर इंटरनेटही बसले. वासाहतिक काळातील एका शब्दाच्या अर्थविस्तारावर स्वतंत्र भारतातील संपूर्ण दूरसंचार उभा राहिला, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

हा विशेषाधिकार म्हणजे सुरुवातीपासून सरकारी मक्तेदारीच होती असे मात्र नाही. मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथील दूरध्वनी केंद्रे १८८२ साली खाजगी कंपन्यांनी परवान्यावर सुरू केली. मुंबईत बॉम्बे टेलिफोन कंपनी होती. सरकारने ती १९४३ साली ताब्यात घेतली. म्हणजे परवाना देण्याचा मार्ग कायद्यात आरंभापासून होता. स्वातंत्र्यानंतर चार दशके तो वापरला गेला नाही, याचे कारण कायद्यात नसून धोरणात शोधावे लागते. दूरध्वनीला अन्नधान्य, पोलाद, वीज यांच्या तुलनेत मागचे स्थान होते आणि मर्यादित साधनांचे वाटप रांगेने करावयाचे होते.

रांगेचीही एक व्यवस्था होती. सर्वसाधारण यादी वेगळी, अधिक अनामत भरणाऱ्यांची ‘ओन युअर टेलिफोन’ योजना वेगळी, विशेष प्रवर्ग वेगळे. शिवाय खासदारांच्या शिफारशीने क्रम ओलांडून मिळणाऱ्या जोडण्या होत्या. या व्यवस्थेने नागरिकाला दोन नावे दिली. जोडणी येण्यापूर्वी तो ‘अर्जदार’ असे आणि आल्यानंतर ‘दूरध्वनीधारक’. ‘धारक’ हा उत्तरपदीचा शब्द शिधापत्रिकाधारक आणि परवानाधारक या शब्दांतही आहे. शासनाने दिलेली वस्तू धारण करणारा, असा त्याचा भाव आहे. तो ‘ग्राहक’ नव्हता.

४

१९८६ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १ एप्रिलला दिल्ली आणि मुंबई या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम, तर परदेशी संपर्कासाठी विदेश संचार निगम अस्तित्वात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला. खात्याची कंपनी झाली आणि नागरिकाला ग्राहक म्हणून दाद मागण्याचा कायदा मिळाला. निगमाच्या स्थापनेने एक अनपेक्षित नाते जुळले. दादरमधील घर आणि करोल बागेतील घर एकाच निगमाचे झाले, पुण्यातील घर मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिले आणि २००० साली भारत संचार निगमाकडे गेले.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त प्रतीकात्मक होता, पण सेवा एकाच संस्थेची होती. तोपर्यंत शैक्षणिक संस्थांसाठी अर्नेट व शासनासाठी निकनेट ही जाळी होती. घरांचा त्यांच्याशी संबंध नव्हता. आता घराला इंटरनेट हवे असेल तर आधी महानगर निगमाचा फोन, मग विदेश निगमाचे खाते, असे दोन दरवाजे ओलांडावे लागत. खात्याचे पैसे एकाला आणि फोनचे बिल दुसऱ्याला. मोडेम चालू असेपर्यंत घरचा फोन व्यग्र राही. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खाते होते, पण त्यात चित्रे दिसत नसत; केवळ अक्षरे उमटत.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत मागताक्षणी फोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. १९९७ सालीच दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये इंटरनेट सेवेचे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. त्या धोरणात परवान्यांच्या संख्येवर मर्यादा नव्हती आणि पहिली पाच वर्षे परवाना शुल्कही नव्हते. संपूर्ण देश, दूरसंचार परिमंडळ वा महानगर आणि लहान क्षेत्र असे परवान्यांचे तीन प्रवर्ग होते. दिल्ली व मुंबई मधल्या प्रवर्गात पडत आणि पुण्यासारखे शहरही त्यातच. सत्यम इन्फोवे ही पहिली खाजगी सेवा त्याच महिन्यात सुरू झाली. थोड्याच काळात इंटरनेटचे तास भरलेली पाकिटे पुस्तकांच्या आणि संगणकांच्या दुकानांत मिळू लागली. ‘घेणे’ हे क्रियापद येथे रूढ झाले.

परंतु ज्या घराने खाजगी कंपनीचे पाकीट घेतले, त्याचा संगणक कंपनीच्या केंद्राशी जोडला जाई तो महानगर निगमाच्याच तारेवरून. तार तुटली, पावसाळ्यात खरखर वाढली किंवा खांबावरील जोड सुटला, तर तक्रार निगमाकडे करावी लागे. कंपनी बदलून उपयोग नव्हता, कारण कंपनी आणि घर यांच्यामधला दुवा बदलता येत नव्हता. नावांची निवड आली होती, तारेची आली नव्हती.

५

ही अडचण धोरणकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती असे म्हणता येणार नाही. एप्रिल २००४ मध्ये नियामक प्राधिकरणाने ब्रॉडबँडच्या वाढीसंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांत तांब्याची तार इतर सेवादारांना ठरावीक अटींवर वापरू देण्याचे बंधन घालावे अशी एक शिफारस होती. युरोपीय संघाने २००० सालच्या विनियमाने असे बंधन आपल्या सदस्य देशांतील जुन्या टेलिफोन कंपन्यांवर घातले होते. ब्रिटनमध्ये २००६ च्या आरंभी ब्रिटिश टेलिकॉमची तारव्यवस्था ‘ओपनरीच’ या वेगळ्या विभागाकडे देण्यात आली, जेणेकरून तारेचा मालक आणि सेवेचा विक्रेता यांच्यात अंतर राहील. अमेरिकेने १९९६ च्या अधिनियमाने असे बंधन आणले, परंतु पुढील दशकात ते बरेच सैल केले. त्यानंतर तेथील पुष्कळ घरांपुढे केबल कंपनी किंवा टेलिफोन कंपनी एवढाच पर्याय उरला.

भारत सरकारचे ब्रॉडबँड धोरण १४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झाले. त्यात किमान वेग २५६ केबीपीएस ठरविण्यात आला आणि २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तारेच्या प्रश्नावर मात्र बंधन न घालता परस्पर संमतीने व्यापारी करार करण्याची मुभा देण्यात आली. ज्याच्याकडे तार आहे त्याची संमती आवश्यक, आणि ती देण्यात त्याचा स्वार्थ नाही. त्यामुळे ही मुभा व्यवहारात फारशी उतरली नाही. येथे शासनाच्या भूमिकेतील मुख्य गाठ दिसते. शासन एकीकडे धोरणकर्ते होते आणि दुसरीकडे भारत संचार निगमाचे पूर्ण व महानगर निगमाचे निम्म्याहून अधिक मालक होते. तार खुली करणे ग्राहकाच्या हिताचे होते, पण ती तार ज्यांच्या भांडवलातून घातली होती त्या निगमांचे, त्यांच्या कर्मचाऱ्यांचे आणि सार्वजनिक गुंतवणुकीचे हितही दुर्लक्षण्याजोगे नव्हते. या ताणाची उकल न करता तो कराराच्या शब्दांत झाकला गेला. २०१० च्या अखेरीस देशातील ब्रॉडबँड जोडण्या सुमारे एक कोटी दहा लाख होत्या, म्हणजे उद्दिष्टाच्या निम्म्याहून थोड्या अधिक.

करोल बागेसारख्या वस्तीत या काळात तीन मार्ग दिसू लागले. २००५ च्या आरंभी महानगर निगमाने फोनच्या तारेवरच ब्रॉडबँड सुरू केले. ज्या भागात खाजगी टेलिफोन कंपनीने स्वतःची तार घातली, तेथे दुसरा मार्ग आला. तिसरा मार्ग केबलवाल्याचा. दूरचित्रवाणीची केबल घालणारा स्थानिक व्यावसायिक छपरांवरून आणि गॅलऱ्यांतून तीच वाट इंटरनेटसाठी वापरू लागला. केबलचे क्षेत्र स्थानिक व्यावसायिकांनी आपसांत वाटून घेतलेले असे, हा शहरी भारतातील सर्वपरिचित अनुभव होय. एका गल्लीला सहसा एकच केबलवाला असे. त्यामुळे घराच्या वाट्याला येणारी निवड शहराच्या वा परिमंडळाच्या पातळीवर मोजता येत नाही. ती इमारतीच्या जिन्यात मोजावी लागते.

६

नागरिक ग्राहक झाला का, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांच्या निर्णयांतही शोधता येते. १८८५ च्या अधिनियमात १९५७ साली ‘सात-ब’ हे कलम घालण्यात आले होते. तार, उपकरण वा यंत्र यासंबंधी तार प्राधिकरणाशी वाद उद्भवला, तर तो सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल असे त्यात म्हटले होते. त्यानंतर १९८६ चा ग्राहक कायदा आला आणि दूरध्वनीच्या बिलांविषयीच्या तक्रारी ग्राहक मंचांकडे जाऊ लागल्या. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कृष्णन प्रकरणात निर्णय दिला, की अशा वादासाठी विशेष कायद्यात स्वतंत्र उपाय असल्याने ग्राहक कायद्याचा मार्ग बंद आहे. सरकारी खात्याविरुद्धच्या या निर्णयाचा आधार पुढे खाजगी कंपन्याही घेऊ लागल्या. ज्या नागरिकाला बाजाराने ‘ग्राहक’ म्हटले, तो तक्रार घेऊन गेल्यावर पुन्हा ‘धारक’ ठरला.

ही स्थिती सुमारे साडेबारा वर्षे टिकली. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट समावेश केला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार बाधित होत नाही असे ठरविले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली. या नव्या कायद्यात सेवा वापरणाऱ्या किंवा मागणाऱ्या व्यक्तीसाठी जी संज्ञा आहे, तिचा मराठी अर्थ ‘वापरकर्ता’ असा होतो. तक्रारीसाठी सेवादाराने ऑनलाइन व्यवस्था ठेवावी, आणि तरीही ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित राहतील, असे त्यात म्हटले आहे.

अर्जदार, धारक, ग्राहक, वापरकर्ता, असा हा संज्ञांचा प्रवास आहे. ‘अर्जदार’ या शब्दात मागणे आहे, ‘ग्राहक’ या शब्दात निवडणे आहे. ‘वापरकर्ता’ या शब्दात दोन्ही नाहीत; त्यात केवळ जे उपलब्ध आहे ते वापरणे आहे. कायद्याने हक्क वाढविला आणि त्याच वेळी नाव अधिक तटस्थ केले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हे पुढील न्यायनिर्णयांवर अवलंबून राहील.

७

दरम्यान तार बदलली. तांब्याच्या जागी काचतंतू आला. रिलायन्स जिओची घरगुती फायबर सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. एअरटेल आणि दिल्लीतील इतर कंपन्याही या क्षेत्रात होत्या. जुन्या सार्वजनिक निगमाची वाटचाल उलट दिशेने झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही निगमांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, जानेवारी २०२० अखेर महानगर निगमाचे चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, आणि २०२५ च्या आरंभापासून दिल्ली व मुंबईतील कामकाज भारत संचार निगमाने हाती घेतले. दादर आणि करोल बाग यांना जोडणारे जुने नाव अशा रीतीने मागे पडले.

स्पर्धा वाढली हे खरे. दर उतरले आणि वेग वाढला हेही खरे. ब्रॉडबँड म्हणण्यास लागणारा किमान वेग २०१३ साली ५१२ केबीपीएस आणि २०२३ साली २ एमबीपीएस झाला. परंतु नियामक प्राधिकरणाच्या मासिक आकडेवारीनुसार, मोबाइल व तारजोडणी मिळून, देशातील ब्रॉडबँडधारकांपैकी सुमारे ९८ टक्के पाच मोठ्या सेवादारांकडे एकवटले आहेत. सार्वजनिक निगम दुबळा होणे म्हणजे मक्तेदारी संपणे, असे १९९८ साली म्हणता आले असते. आज त्याचा अर्थ एक पर्याय कमी होणे असाही होतो. शासनाच्या माघारीने निवड वाढतेच, हे गृहीतक म्हणून तपासून घ्यावे लागेल. केरळ शासनाने २०२३ साली ‘केफोन’ हे स्वतःचे फायबर जाळे सुरू केले, ते याच शंकेतून निघालेले वेगळे उत्तर मानता येईल.

या प्रश्नाचे गांभीर्य २०२० च्या टाळेबंदीत सर्वांस जाणवले. शाळा घरात आली, कार्यालय घरात आले, आणि जोडणी नसणे म्हणजे वर्गाबाहेर असणे असा अर्थ झाला. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटच्या उपलब्धतेचा संबंध शिक्षणाच्या हक्काशी आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडला होता. जी वस्तू हक्काच्या जवळ पोहोचली आहे, तिच्या बाबतीत एकच पर्याय असणे ही केवळ गैरसोय राहत नाही.

८

समारोपात एका भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. सरकारी मक्तेदारीच्या काळातील टंचाई लिखित होती. तिची यादी होती, क्रमांक होता, प्रवर्ग होते, अनामतीची पावती होती. यादीत अन्याय होता, वशिला होता. पण कोण कितव्या क्रमांकावर आहे आणि कोणाला आधी मिळाले, हे विचारता येत असे. संसदेत प्रश्न विचारले जात आणि उत्तरे नोंदली जात. आज एखाद्या इमारतीत एकाच कंपनीची तार का आहे, याचे लिखित उत्तर कोठेही सापडत नाही. ते घरमालकाच्या सोयीत असते, खांबावरील जागेत असते, महापालिकेच्या खोदकामाच्या परवानगीत असते, किंवा गल्लीच्या जुन्या वाटपात असते. निवडीचा हा अभाव कोणी जाहीर केलेला नाही. म्हणून त्याबद्दल जाब विचारण्याचे ठिकाणही नाही.

या दृष्टीने पाहता ‘मिळणे’ आणि ‘घेणे’ यांमधील अंतर भाषेने जितके दाखविले तितके व्यवहारात कापले गेले नाही, असा निष्कर्ष निघतो. शासनाने जोडणी स्वतः द्यावी की बाजारावर सोडावी, या वादात तारेच्या मालकीचा आणि तिच्या नोंदीचा प्रश्न दोन्ही पक्षांनी दुय्यम मानला. कोणत्या इमारतीत कोणकोणत्या सेवा खरोखर पोहोचतात, याची सार्वजनिक नोंद ठेवणे आणि एकदा घातलेली तार एकाहून अधिक सेवादारांना वाजवी अटींवर वापरता येईल असे बंधन घालणे, या दोन गोष्टी शासनाच्या अधिकारात १८८५ पासून आहेत. गफार मार्केटमध्ये फोन निवडणाऱ्या करोल बागेच्या रहिवाशाला आपल्या जिन्यात येणारी तारही निवडता येईल, तेव्हाच ‘कनेक्शन घेतले’ हे वाक्य पूर्ण अर्थाने खरे ठरेल.